कोल्हापूर परिसरातील मालवाहतूक आणि वाहनाच्या आकाराची निवड : बैलगाडी ते पिकअप

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने सहकार, साखर कारखानदारी, दुग्धव्यवसाय आणि यंत्रोद्योग या अंगांनी झाले आहे. गूळ करणारा शेतकरी, दूध गोळा करणारी संस्था आणि ओतकाम करणारा कारखानदार यांची दखल त्यातून घेतली गेली. हा सर्व माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारे वाहन आणि ते वाहन कर्ज काढून विकत घेणारा मनुष्य मात्र बहुतांशी चर्चेबाहेरच राहिला.

ग्रामीण भागातील अल्पभूधारक कुटुंबातील तरुण जेव्हा मालवाहू वाहन घेण्याचे ठरवितो, तेव्हा त्याच्यासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो आकाराचा. एक टनाच्या आतील 'छोटा हाथी' घ्यावा, दीड टनाच्या आसपासचे पिकअप घ्यावे की अडीच टनांचे 'चारशेसात' घ्यावे? वरवर पाहता हा प्रश्न वैयक्तिक ऐपतीचा व यंत्राच्या ताकदीचा वाटतो. वस्तुतः या निवडीमागे बाजारपेठेची रचना, रस्त्यांची स्थिती आणि मोटार वाहन कायद्याने आखलेल्या वजनाच्या रेषा यांचा दीर्घ इतिहास आहे. त्या इतिहासाचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. कोल्हापूर परिसरातील मालवाहू वाहनांच्या आकारात झालेल्या बदलांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. वाहनाचा आकार ठरविणाऱ्या आर्थिक, भौगोलिक व कायदेशीर घटकांचा शोध घेणे.
३. लहान व मोठ्या वाहनाच्या निवडीचा मालक-चालकाच्या उपजीविकेवर होणारा परिणाम तपासणे.

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

बैलगाडी, पेठ आणि रेल्वे

संस्थानकाळात कोल्हापूरच्या मालवाहतुकीचे मूळ माप बैलगाडी हेच होते. लाकडी चाकांना लोखंडी धाव बसविलेली दोन बैलांची गाडी कच्च्या रस्त्यावरून साधारणतः अर्धा ते एक टन माल नेऊ शके. शेतमालाचा व्यवहार 'गाडीभर' या हिशेबाने होत असे, आणि गुऱ्हाळघरातून निघणारा माल व बाजारात विकला जाणारा माल यांचा मेळ याच मापाने बसत असे.

१८९१ मध्ये मिरज–कोल्हापूर रेल्वेमार्ग सुरू झाला आणि वाहतुकीचे दोन स्तर निर्माण झाले. दूरच्या बाजारपेठेसाठी रेल्वेचा डबा आणि गाव ते स्थानक या टप्प्यासाठी बैलगाडी, अशी ही विभागणी होती. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली. पुढे गुळाच्या व्यापाराचे मोठे केंद्र म्हणून ती ख्यात झाली. स्थानकानजीकची पेठ म्हणजे लहान खेपांचे मोठ्या खेपेत रूपांतर करणारी जागा होय. गावोगावच्या गाड्या तेथे रिकाम्या होत आणि अडत्यांच्या गोदामातून डबे भरले जात. कोल्हापूर हे रेल्वेचे शेवटचे स्थानक होते. त्याच्या पश्चिमेस सह्याद्री व त्याखाली कोकण असल्याने त्या दिशेचा सर्व व्यवहार घाटरस्त्यांवरच अवलंबून राहिला.

याच सुमारास इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसविला आणि वस्त्रोद्योगाचे एक नवे केंद्र उदयास आले. सुताच्या गोण्या, भरलेले बीम आणि कापडाचे तागे यांची ने-आण गावातल्या गावात, थोड्या अंतरावर व वारंवार करावी लागे. अशा व्यवहारास रेल्वेचा उपयोग मर्यादित होता. त्यास लहान वाहनच हवे होते, आणि प्रारंभी ते काम हातगाडी व बैलगाडी यांनीच केले.

टेम्पो, मॅटाडोर आणि चारशेसात

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतरच्या दशकात मालमोटारींची संख्या वाढू लागली. परंतु त्या काळी व्यापाऱ्यापुढे फारसा पर्याय नव्हता. एका टोकास बैलगाडी आणि दुसऱ्या टोकास मोठा ट्रक, अशी स्थिती होती. मधली जागा रिकामी होती.

ही जागा भरून काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न फिरोदिया कुटुंबाच्या बजाज टेम्पो या कंपनीने केला. १९५८ मध्ये जर्मनीतील टेम्पो या कंपनीच्या सहकार्याने तिने तीनचाकी मालवाहू वाहनांचे उत्पादन सुरू केले. पुढे १९६९ मध्ये मॅटाडोर हे चारचाकी वाहन आले. मराठी मुलखात 'टेम्पो' हे एका कंपनीचे नाव न राहता लहान मालवाहू वाहनाचे सामान्यनाम झाले, ही बाब या वाहनाच्या प्रसाराची साक्ष देते. कंपनीने २००५ मध्ये फोर्स मोटर्स हे नाव धारण केले, तरी बोलीतला टेम्पो कायम राहिला.

१९८० च्या दशकात हलक्या मालवाहू वाहनांच्या क्षेत्रात जपानी तंत्रज्ञान आले. डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आल्विन निस्सान आणि आयशर मित्सुबिशी या नावांची वाहने रस्त्यावर दिसू लागली. या स्पर्धेस उत्तर म्हणून टेल्कोने १९८६ मध्ये ४०७ हे वाहन बाजारात आणले. सुमारे अडीच टन माल नेणारे, सहज वळणारे हे वाहन ग्रामीण महाराष्ट्रात 'चारशेसात' या नावानेच ओळखले गेले. १९८८ मध्ये टाटामोबाइल हे पिकअप आले. जीपच्या सांगाड्यावर बांधलेली महिंद्रची पिकअप वाहनेही याच मार्गाने पुढे आली. अशा रीतीने १९९० पर्यंत कोल्हापूरच्या व्यापाऱ्यास तीनचाकी टेम्पो, एक टनाच्या आसपासचे पिकअप, अडीच टनांचे चारशेसात आणि मोठा ट्रक असे चार पर्याय प्रथमच उपलब्ध झाले. निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

मालाची खेप आणि हौद्याचे माप

वाहनाचा आकार किती असावा, हे मालाच्या एकूण उत्पादनापेक्षा एका वेळी, एका ठिकाणी किती माल तयार होतो यावर ठरते. कोल्हापूर परिसरातील चार उदाहरणांवरून हे स्पष्ट होते.

पहिले उदाहरण गुळाचे. कोल्हापुरी गुळाचा परंपरागत रवा ३० किलोंचा. या हिशेबाने ७५० किलो क्षमतेच्या वाहनात २५ रवे, दीड टनाच्या पिकअपमध्ये ५० रवे आणि अडीच टनांच्या चारशेसातमध्ये ८३ रवे बसतात. गुऱ्हाळघरात गूळ रोज तयार होतो आणि सौद्यासाठी तो बाजार समितीत वेळेवर पोहोचावा लागतो. एकाच शेतकऱ्याचे आदण असेल तेव्हा लहान वाहन पुरते. दोन-तीन शेतकऱ्यांचा माल एकत्र आला, तरच मोठे वाहन भरते. म्हणजे चारशेसात परवडण्यासाठी आधी शेतकऱ्यांत एकत्र माल पाठविण्याची सवय असावी लागते.

दुसरे उदाहरण दुधाचे. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची, म्हणजेच 'गोकुळ'ची स्थापना १९६३ मध्ये झाली. गावच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध जमा होई आणि ४० लिटरच्या कॅनमधून ते पुढे जाई. दूध व कॅन मिळून एका नगाचे वजन ५० किलोंच्या आसपास धरले, तर ७५० किलोंच्या वाहनात १५ कॅन व अडीच टनांच्या वाहनात ५० कॅन जातात. येथे मालाचे मालक अनेक असले, तरी संघाने ठरविलेला मार्ग एक असतो. एकाच फेरीत अनेक गावांचे कॅन उचलले जात असल्याने मॅटाडोर व चारशेसात यांना रोजचे, ठरलेले आणि दोन्ही वेळचे काम मिळाले. परतीच्या वेळी रिकामे कॅन आणि पशुखाद्य यांचीही वाहतूक होई. सहकारी संघटनेने विखुरलेल्या मालाची एक मोठी खेप तयार केली आणि त्या खेपेनेच मोठ्या वाहनास जागा दिली. पुढे जेथे बल्क कूलर बसविले गेले, तेथे कॅनची जागा टँकरने घेतली व कॅन वाहणाऱ्या टेम्पोचालकास नवे काम शोधावे लागले.

तिसरे उदाहरण ओतकाम व यंत्रकामाचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत कामाची विभागणी बारीक आहे. एका कारखान्यात ओतीव भाग तयार होतो, दुसऱ्यात त्यावर यंत्रकाम होते, तिसऱ्यात तो रंगवून बांधला जातो. हा माल आकाराने लहान पण वजनाने भारी असतो. हौदा अर्धा रिकामा दिसत असतानाच वाहनाची क्षमता संपते. येथे हौद्याची लांबी-रुंदी महत्त्वाची ठरत नाही. पाट्यांची ताकद व चासीचा मजबूतपणा महत्त्वाचा ठरतो. त्यामुळे या व्यवसायात लांब हौद्याच्या हलक्या वाहनापेक्षा आखूड परंतु दणकट पिकअपला पसंती मिळाली.

चौथे उदाहरण भाजीपाल्याचे. याची स्थिती ओतकामाच्या अगदी उलट आहे. कोथिंबीर, मेथी, फ्लॉवर यांचे वजन कमी व आकारमान मोठे. वजन भरण्यापूर्वीच हौदा भरतो. शिवाय माल नाशवंत असल्याने तो भरेपर्यंत थांबता येत नाही. एकच 'दीड टन' हा आकडा ओतीव लोखंडासाठी व पालेभाजीसाठी दोन निरनिराळे अर्थ धारण करतो, ही बाब वाहन घेताना बहुधा उशिरा लक्षात येते.

घाट आणि परतीचे भाडे

कोल्हापूरच्या वाहतुकीचे दोन प्रदेश पडतात. पूर्वेस व उत्तर-दक्षिणेस सपाट देश आणि पुणे–बंगळूर महामार्ग, तर पश्चिमेस आंबा, गगनबावडा, फोंडा व आंबोली येथील घाट. २००० च्या दशकात सुवर्ण चतुष्कोन योजनेत महामार्गाचे चौपदरीकरण झाले आणि त्या मार्गावर मोठ्या वाहनाचा प्रतिटन खर्च कमी झाला. घाटात मात्र वळणे, चढ आणि पावसाळ्यातील दरडी यांमुळे लहान वाहनाची सोय टिकून राहिली.

घाटाखालच्या वाहतुकीत निर्णायक घटक ठरतो तो परतीच्या भाड्याचा. कोल्हापुरातून भाजीपाला, दूध, गूळ, किराणा माल खाली उतरतो. वर येणारा माल म्हणजे जांभा चिरा, नारळ, काजू आणि उन्हाळ्यात आंबा. यांपैकी चिरा हा वर्षभर मिळणारा माल असला, तरी तो इतका वजनदार आहे की त्याची वाहतूक ट्रकनेच परवडते. आंब्याच्या पेट्या पिकअपला सोयीच्या. पण तो हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. परिणामी, भाजी घेऊन उतरलेले मधल्या आकाराचे वाहन वर्षाचा बराच काळ रिकामेच घाट चढते.

याचा हिशेब साधा आहे. अडीच टनांचे वाहन जाताना भरलेले व येताना रिकामे असेल, तर संपूर्ण फेरीत त्याचा सरासरी भार सव्वा टन पडतो. दीड टनाचे वाहन दोन्ही वेळा भरलेले असेल, तर तो दीड टन पडतो. म्हणजे लहान वाहन प्रत्यक्षात अधिक माल वाहते आणि तेही कमी हप्त्यात व कमी इंधनात. मोठे वाहन मोठे ठरते ते केवळ कागदावर.

कायद्याने आखलेल्या रेषा

मोटार वाहन कायदा, १९८८ याने मालवाहू वाहनांच्या बाबतीत दोन महत्त्वाच्या रेषा आखल्या. ज्या मालवाहू वाहनाचे भारासह एकूण वजन ३००० किलोंपेक्षा अधिक नाही, त्यास कलम ६६ अन्वये परवाना, म्हणजे परमिट, घेण्याची आवश्यकता ठेवली नाही. ही पहिली रेषा होय. दुसरी रेषा ७५०० किलोंची. त्या मर्यादेपर्यंतचे वाहन 'हलके मोटार वाहन' या व्याख्येत येते.

या दोन रेषांमुळे बाजारात तीन गट पडले. छोटा हाथी व लहान पिकअप परमिटच्या जाचातून मुक्त राहिले. चारशेसात हे हलके वाहन असूनही त्यास परमिट आवश्यक ठरले. त्यापुढील ट्रकसाठी परमिट व जड वाहनाचा चालक परवाना, दोन्ही लागले. भारासह एकूण वजन ३००० किलोंच्या किंचित खाली राखलेली पिकअप वाहने उत्पादकांनी बाजारात आणली, यावरून कायद्याचा यंत्ररचनेवर झालेला परिणाम दिसून येतो.

हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या चालकाने मालवाहू वाहन चालविणे वैध आहे काय, हा प्रश्न मात्र अनेक वर्षे वादग्रस्त राहिला. अपघातानंतर विमा कंपन्या याच मुद्द्यावर भरपाईची जबाबदारी नाकारीत. सर्वोच्च न्यायालयाने मुकुंद देवांगन प्रकरणात ३ जुलै २०१७ रोजी चालकांच्या बाजूने निर्णय दिला. पुढे हा प्रश्न घटनापीठाकडे गेला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तोच निष्कर्ष कायम केला. त्यानुसार ७५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालविण्यास हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे. चारशेसात घेण्यातील एक मोठी अनिश्चितता यामुळे दूर झाली.

२००५ नंतरचे स्थित्यंतर

२००५ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे. मे २००५ मध्ये टाटा मोटर्सने एस हे चारचाकी वाहन बाजारात आणले. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील गटाने विकसित केलेल्या या वाहनात ७०२ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन होते आणि त्याची भारक्षमता सुमारे पाऊण टन होती. तीनचाकी टेम्पो घेणाऱ्या ग्राहकास चारचाकी वाहनाची सुरक्षितता व प्रतिष्ठा देणे हा त्यामागील विचार होता. लोकांनी त्यास 'छोटा हाथी' हे नाव दिले. त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन जादा भार भरू देण्याच्या राज्यांच्या पद्धतीस मनाई केली. महामार्गावर मोठा ट्रक व शहर-गावांत लहान वाहन ही विभागणी त्यामुळे अधिक ठळक होण्यास वाव मिळाला. २०११ मध्ये अशोक लेलँडचे दोस्त आले, आणि महिंद्रची बोलेरो पिकअप ग्रामीण भागात सर्वपरिचित झाली.

येथे एक ऐतिहासिक साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. छोट्या हाथीची भारक्षमता जवळजवळ जुन्या बैलगाडीएवढीच आहे. शंभर वर्षांनंतर मालाची खेप पुन्हा 'गाडीभर' या मापावर आली. याचे कारण असे की शेतजमिनीचे तुकडे पडत गेले, एका शेतकऱ्याचा एका दिवसाचा माल वाढला नाही आणि बाजारपेठेस माल रोज ताजा हवा राहिला. यंत्र बदलले; खेपेचा आकार बदलला नाही.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन विक्रीकराचे तपासणी नाके बंद झाले. कर्नाटकाच्या सीमेवरील या जिल्ह्यास त्याचा लाभ झाला. लांबच्या वाहतुकीत मोठ्या वाहनाचा वेळ वाचला. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्याने डिझेल वाहनांच्या किमती वाढल्या आणि सर्वांत लहान वाहनांच्या गटात पेट्रोल व सीएनजीचा शिरकाव झाला.

अमेरिकेतील अनुभव

आकाराच्या निवडीवर शासकीय धोरणाचा परिणाम होतो, हे अमेरिकेच्या उदाहरणावरूनही दिसते. तेथे पिकअपचे मध्यम व पूर्ण आकाराचे असे दोन प्रमुख गट मानले जातात. युरोपीय देशांनी अमेरिकन कोंबड्यांवर बसविलेल्या आयातकराचे प्रत्युत्तर म्हणून अमेरिकेने १९६४ मध्ये आयात हलक्या ट्रकांवर २५ टक्के कर बसविला, तो पुढे कायम राहिला. परिणामी परदेशी लहान पिकअपांना अटकाव झाला आणि फोर्डच्या एफ-मालिकेसारख्या देशी मोठ्या वाहनांना संरक्षण मिळाले. तेथील ग्राहकाची मोठ्या वाहनाची आवड पूर्णतः स्वयंस्फूर्त आहे, असे म्हणता येत नाही. फरक इतकाच की तेथे पिकअप हे पुष्कळदा कौटुंबिक वाहनही असते. कोल्हापुरात ते कुटुंबाच्या चरितार्थाचे साधन असते.

मालक-चालकाचा हिशेब

मोठ्या ट्रकच्या व्यवसायात मालक, चालक व वाहतूक दलाल हे निरनिराळे असतात. पिकअपच्या व्यवसायात मालक व चालक बहुधा एकच असतो. पूर्वी कारखानदार किंवा व्यापारी स्वतःची वाहने ठेवी. लहान वाहने भाड्याने सहज मिळू लागल्यावर त्यास ती गरज उरली नाही. वाहनाचा हप्ता, विमा, दुरुस्ती आणि काम नसलेले दिवस यांचा भार अशा प्रकारे व्यापाऱ्याकडून चालकाकडे सरकला.

हा भार किती अवघड आहे, हे संकटकाळात स्पष्ट झाले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाहतूक अनेक दिवस ठप्प झाली. मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत दूध व भाजीपाल्याची वाहतूक सुरू राहिली. ओतकाम व कापडाची थांबली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळासाठी हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली, परंतु व्याज चालूच राहिले. ज्याचा हौदा दोन प्रकारच्या मालास उपयोगी पडत होता, त्यास काम बदलता आले. एकाच कारखान्याच्या मालासाठी मोठे वाहन घेतलेल्या चालकास तशी सोय नव्हती.

निष्कर्ष

१. कोल्हापूर परिसरात वाहनाचा आकार एकूण मालापेक्षा एका वेळच्या खेपेवर ठरत आला आहे. विखुरलेला माल लहान वाहन मागतो आणि संघटित माल मोठे वाहन पोसतो. दूध संघाचे उदाहरण याचे स्पष्ट द्योतक आहे.
२. ३००० व ७५०० किलोंच्या कायदेशीर मर्यादांनी बाजारातील वाहनांचे गट घडविले आहेत. या मर्यादांचे ज्ञान वाहन घेणाऱ्यास असणे आवश्यक आहे.
३. घाटाखालच्या वाहतुकीत परतीचे भाडे नसल्यास मोठ्या वाहनाचा लाभ नाहीसा होतो.
४. लहान वाहनांच्या प्रसाराने अनेक तरुणांना व्यवसाय मिळाला. त्याचबरोबर व्यवसायातील जोखीमही त्यांच्यावर आली.

यावरून असे म्हणता येते की, 'लहान की मोठे' हा प्रश्न वाहनविक्रेत्याच्या दुकानात विचारण्यापूर्वी बाजार समितीत, दूध संस्थेत व औद्योगिक वसाहतीत विचारला गेला पाहिजे. गावातील चार-पाच शेतकरी आपला माल एकत्र पाठविण्यास तयार असतील, तर मोठे वाहन त्या गावास लाभदायक ठरेल. तशी तयारी नसेल, तर मोठ्या हौद्यातील रिकाम्या जागेचे भाडे शेवटी चालकालाच भरावे लागेल. सहकाराची मोठी परंपरा असलेल्या या जिल्ह्यात माल एकत्र करण्याचा विचार दूध आणि साखरेपुरता मर्यादित न राहता गूळ व भाजीपाल्याच्या वाहतुकीपर्यंत पोहोचणे ही काळाची गरज आहे.